गटेनें दिलेले कॉफीचे दाणे

इ. स. १८१९. जर्मनींतील येना नगरांत फ्रीडलीब रुंग हा तरुण रसायनज्ञ उसना कोट चढवून, काखोटीस मांजर घेऊन कविश्रेष्ठ गटेच्या भेटीस निघाला. ही हकीकत पुढें त्यानेंच लिहून ठेविली आहे. बेलाडोनाच्या रसानें मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्तारते, हें त्यानें दाखविलें. गटे प्रसन्न झाला. निरोप देतांना त्यानें कॉफीचे दाणे हातीं ठेवून त्यांचें पृथक्करण करावयास सुचविलें. रुंगनें त्यांतून कॅफीन वेगळें काढलें. कवीचें कुतूहल शास्त्रास असें फळलें!

तें झोंप कशी उडवितें, हें उमगण्यास मात्र सुमारें दीडशें वर्षें लागलीं. जागेपणीं मेंदूंत अ‍ॅडेनोसीन सांचत जातें व आपल्या ठराविक जागीं बसून सुस्ती आणतें. कॅफीन त्याच जागा अडवितें. म्हणजे कॉफी नवें बळ देत नाहीं. थकव्याची वर्दी तेवढी रोखून धरते. सायंकाळची कॉफी रात्रीं महाग पडते ती यामुळेंच.

२००० सालीं होनोलुलु येथील जपानी वंशाच्या ८,००४ पुरुषांची, तीस वर्षें चाललेली पाहणी प्रसिद्ध झाली. कॉफी न पिणारांत कंपवाताचें प्रमाण पुष्कळ पिणारांच्या सुमारें पांचपट आढळलें. कॉफीनेंच तो टळला, असें यावरून सिद्ध होत नाहीं.

रुंग १८६७ मध्यें विपन्नावस्थेंत वारला.