भररस्त्यात नेसलेलं

मानोऱ्याच्या बाजारात बंजारा तांड्यावरच्या बाया लांबूनच ओळखू येत. आरसे, कवड्या टाकलेला फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, हातभर पांढरे चुडे. आमच्या घरी यायची ती म्हातारी तर साऱ्या गल्लीचीच याडी, म्हणजे आई. शेंगा सोलता सोलता सासऱ्याकडून ऐकलेल्या लदेणीच्या गोष्टी सांगे: बैलांच्या पाठीवरचं मीठ, धान्य, मग रेल्वे आली आणि बैल रिकामे झाले. "चोरी कोठं बी होवो, शिपाई पह्यले तांड्यावर. आमचे कपडेच सांगत ना, आमी कोन ते." तरी तिनं फेटिया सोडला नाही. सुना साडीवर आल्या तेव्हा तर ती आणखीच टाके घालू लागली.

त्या शिपायामागचा कायदा 1871चा. जन्मावरून अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो; बंजाऱ्यांच्या पोहरादेवीच्या यात्रेत भेटणाऱ्या कुणाही जाणत्याला विचारा. त्याचा दुसरा भाग मी फार उशिरा वाचला. तो तृतीयपंथीयांबद्दल होता. नोंद झालेली व्यक्ती बाईचे कपडे, दागिने घालून रस्त्यावर दिसली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तांडा आणि हिजडा, दोघांची गाठ सरकारनंच एका कागदावर मारून दिली होती!

अंगावरच्या कापडालाच आपली खूण करणारे दूर अमेरिकेतही होते. सॅन फ्रान्सिस्कोचा गिल्बर्ट बेकर स्वतःचे झगमगीत पोशाख शिवता शिवता शिवणकाम शिकला. 1978च्या जूनमध्ये त्यानं मित्रमैत्रिणींसोबत हातानं रंगवून, शिवून समलिंगी चळवळीचा आठ पट्ट्यांचा इंद्रधनुषी झेंडा उभारला. पुढे भडक गुलाबी कापड मिळेना म्हणून तो पट्टा गेला. याडीला हे कारण ताबडतोब पटलं असतं.

पण मला जास्त जवळची वाटते ती एड्सनं गेलेल्यांची गोधडी. क्लीव्ह जोन्सची ही कल्पना. 11 ऑक्टोबर 1987ला वॉशिंग्टनमध्ये तिचे 1,920 तुकडे अंथरले. एकेक तुकडा तीन बाय सहा फुटांचा, थडग्याच्या मापाचा. कुणी शर्ट जोडला, कुणी जीन्स. मेलेल्या माणसाचं लुगडं गोधडीत घालायचं आपल्या बायांना कुणी शिकवावं लागलं नाही. फक्त ती सरकारच्या दारात नेऊन अंथरायचं त्यांना कधी सुचलं नाही.

आपल्याकडे, मुंबईत 16 ऑगस्ट 2008ला ऑगस्ट क्रांती मैदानातून समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींचा मोर्चा निघाला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तेव्हा जिवंत होतं, म्हणून कित्येकांच्या चेहऱ्यावर मुखवटे होते. साड्या मात्र उघड्यावर, पोलिसांच्या देखत, चौपाटीपर्यंत चालत गेल्या.