वाडेकरांचा दुसरा डाव

अजित वाडेकर म्हटले की आपण १९७१ पाशी थांबतो: वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्ही देशांत मालिका जिंकलेला कर्णधार. मरोळच्या घरी जमवलेली कात्रणे चाळताना मला मात्र त्यानंतरचा वाडेकर अधिक मोलाचा वाटत आला आहे.

१९७४ साली इंग्लंडमध्ये ०-३ असा पराभव झाला. लॉर्ड्सवर एक डाव ४२ धावांत आटोपला. कर्णधारपद गेले, पश्चिम विभागानेही वगळले, आणि तेहतिसाव्या वर्षी त्यांनी खेळ सोडला. उरली स्टेट बँकेची नोकरी. त्या काळी खेळाडूची चूल बँकच पेटती ठेवी. माणसे सांभाळून काम करून घेण्याचा सराव तिथलाच, असे माझे मत.

१९९२ मध्ये ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. लगेच १९९३ मध्ये मायदेशी इंग्लंडवर ३-०! कुंबळे, राजू, चौहान, तिघे फिरकीपटू. (खेळपट्ट्याही अनुकूल होत्याच म्हणा.) धावफलकावर व्यवस्थापकाला जागा नसते, त्यामुळे या फेडीची फारशी चर्चा झाली नाही. १९९४ मध्ये ऑकलंडला अझरुद्दीन आणि त्यांनी सचिनला सलामीला पाठवले. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या.

१९९६ च्या विश्वचषकात ईडनवर संघ कोसळला. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून संदीप पाटील गेले.