अंबड परगणा व लष्कराचा थकला पगार

मराठेशाहींतील शिपायास त्याच्या चाकरीचा योग्य मोबदला मिळत असे काय, हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच विचारला जातो. लढायांच्या तिथि आम्हीं कसोशीनें ठरविल्या. लढणाराच्या पदरांत काय पडलें, हें मात्र फारसें पाहिलें नाहीं. मत्स्योदरीच्या देवस्थानामुळें प्रसिद्ध असलेल्या अंबडचा इतिहास या प्रश्नाशीं निगडित आहे, म्हणून त्याचा येथें थोडक्यांत विचार करितों.

शिवकालीं बारगिरास घोडें सरकारी पागेंतून मिळे. शिलेदार घोडें व हत्यार स्वतःचें आणी. सभासद जुमलेदाराचें सालीना वेतन ५०० होन व हजारीचें १००० होन सांगतो. पेशवाईच्या कागदांत मोहिमेपूर्वीं नालबंदी, मोहिमेंत रोजमुरा व माणूस कामास आल्यास मुलाबाळांस बालपरवेशी, असे प्रकार आढळतात. नेमणूक पाहतां ही व्यवस्था अनुदार म्हणतां येत नाहीं. परंतु शिलेदाराचें घोडें पडलें कीं त्याची रोजीच बुडे. आणि नेमलेला पगार वेळेवर हातीं येईलच, अशी शाश्वती नसे.

अंबड परगणा होळकरांकडे होता. १८०५ च्या तहानंतर यशवंतराव होळकरांचें लष्कर थकल्या पगारासाठीं अडून बसलें, तेव्हां पुतण्या खंडेराव यास ओलीस द्यावें लागलें. १८१७ त तोच रोग पुन्हां बळावला. तुळसाबाई इंग्रजांशीं सलोखा करूं पाहत होती. पगार थकलेल्या पलटणींच्या सरदारांस पेशव्यांच्या बाजूनें पैका मिळण्याची आशा होती. २० डिसेंबर १८१७ रोजीं तुळसाबाईचा वध झाला, दुसरे दिवशीं महिदपुरास पराभव झाला, आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें वेरूळ, अंबड वगैरे महाल इंग्रजांकडे गेले. १८२२ त ते निजामाच्या राज्यांत आले. पराभवाचें कारण केवळ थकबाकी होती, असें आमचें म्हणणें नाहीं. पण धनी व चाकर यांमधील विश्वास तिनें आधींच खाल्ला होता, हें उघड आहे.

पुढें अंबडनजीक जालन्यास निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी झाली. या फौजेचा पगार निजामाच्या खजिन्यांतून न आल्यास कंपनी आगाऊ देई व तें कर्ज निजामाच्या नांवें मांडी. त्यापायीं १८५३ त वऱ्हाड, धाराशीव व रायचूर दुआब इंग्रजांच्या हवालीं करावे लागले. १८६० त शेवटचे दोन परत मिळाले व ५० लक्षांचें कर्ज सोडण्यांत आलें. वऱ्हाड मात्र राहिलें. होळकरी शिपाई उपाशी राहिला, म्हणून दौलत खचली. कंटिंजंटचा शिपाई पोसला गेला, पण किंमत मुलखानें भरली.

तात्पर्य, मोबदल्याचा न्याय नेमणुकीच्या आंकड्यावरून ठरवितां येत नाहीं. रक्कम केव्हां पोंचली, कोणाच्या खर्चानें पोंचली, व घोडें पडल्यावर काय मिळालें, हें पाहिलें पाहिजे. यासाठीं हजिऱ्या, रोजमुऱ्याच्या याद्या व बालपरवेशीच्या सनदा हींच खरीं साधनें होत. संग्राहक राजपत्रें जपतात व असले हिशेबी कागद किरकोळ म्हणून टाकून देतात. तसें न करावें, अशी आमची विनंति आहे. कारण ज्या शिपायाचें नांव बखरींत नाहीं, तें बहुधा एखाद्या अशा यादींतच उरलें असेल.