जुन्या पिकअपच्या तारा : वायरिंग हार्नेस निवडताना आपण कोणते साल निवडतो?

१/ १९५० सालच्या शेव्हरोले ३१०० या अमेरिकन पिकअपचे बोनेट आज उघडले, तर लोखंड बहुधा शाबूत सापडते. इंजिन पुन्हा बांधता येते, पत्रा ठोकून सरळ करता येतो. तारांचे तसे नाही. सुती वेष्टनाखालचे रबर बोटाने दाबताच भुगा होऊन गळते आणि उघडे तांबे दिसू लागते. अशा गाडीला नवे वायरिंग घालावेच लागते. मात्र कोणते घालावे, याचे उत्तर शंभर वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे. हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम शब्दाचा उलगडा. हार्नेस म्हणजे मुळात घोड्याचा साज. गाडीच्या संदर्भात त्याचा अर्थ असा : ठरावीक लांबीच्या तारा कापून, टोकांना टर्मिनल लावून, एकत्र बांधलेली जुडी. अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी अशा जुड्या फ्यूजपेटी आणि जोडण्यांसह संच म्हणून तयार मिळतात. बाहेरून हे संच सारखेच भासतात. आत मात्र प्रत्येक संच वेगळ्या दशकाचा असतो.

३/ आरंभी मोटारीत तारा जवळजवळ नव्हत्याच. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो फ्लायव्हीललाच जोडलेला असे. दिवे ॲसिटिलीन वायूवर आणि रॉकेलवर जळत. १९१५ च्या सुमारास पुढचे दिवे विजेचे झाले. पण वीज मॅग्नेटोचीच. परिणामी इंजिन संथ चालले की उजेड मंद, वेगाने चालले की प्रखर. चढावर रात्री गाडी रेंगाळली की नेमका तेव्हाच रस्ता दिसेनासा होई.

४/ चित्र पालटले ते चार्ल्स केटरिंग यांच्या सेल्फ-स्टार्टरमुळे. डेटन येथील त्यांच्या डेल्को कंपनीने तो १९११ मध्ये सिद्ध केला आणि कॅडिलॅकने १९१२ च्या गाड्यांत बसवला. हँडल मारताना मनगटे मोडण्याचा काळ संपू लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅटरी, डायनॅमो, स्टार्टर, ठिणगी आणि दिवे यांची एकच विद्युतव्यवस्था तयार झाली. गाडीतील तारांचा खरा जन्म इथला. फोर्डने मॉडेल टीसाठी सेल्फ देऊ केला तो १९१९ मध्ये.

५/ एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरना विकायला काढली. तोवर शेतकरी व दुकानदार साध्या मोटारीमागे स्वतः लाकडी हौदा ठोकून घेत. आता पिकअप हा स्वतंत्र वाहनप्रकार झाला. त्याची विद्युतव्यवस्था मात्र अजून मूठभर तारांचीच होती.

६/ या तारा करत कोण? एक मोठे नाव म्हणजे ओहायोमधील वॉरन येथील पॅकार्ड इलेक्ट्रिक. जेम्स आणि विल्यम पॅकार्ड या बंधूंनी ती १८९० मध्ये स्थापन केली. त्यांच्या आलिशान मोटारींची कीर्ती पुढे जगभर झाली. पण तारांचा उद्योग वॉरनमध्येच वाढला आणि १९३२ मध्ये जनरल मोटर्सने तो विकत घेतला. शेव्हरोलेच्या तारांची कथा या गावाशी अशी बांधली गेली.

७/ त्या काळच्या तारेची घडण पाहा. मध्ये तांब्याचे बारीक धागे, त्यावर रबर, रबरावर सुताची वीण आणि वीणेवर लॅकरचा थर. वीणेत रंगीत धागा गुंफून तारेची ओळख ठेवली जाई. दिसायला ही तार फार देखणी. परंतु इंजिनाची उष्णता, तेल आणि हवेतील प्राणवायू रबराला हळूहळू कडक व ठिसूळ करतात. सूत ओल धरून ठेवते. गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये नुसती उभी राहिली, तरी तारा म्हाताऱ्या होतच राहतात.

८/ आता मूळ उदाहरणाकडे वळू. युद्धोत्तर अमेरिकेत १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ही पिकअपमालिका आणली. अर्ध्या टनाची ३१०० ही त्यातली सर्वांत परिचित. वीज सहा व्होल्टची. सुरुवातीच्या गाड्यांत स्टार्टर पायाने दाबायचा. वायपर इंजिनाच्या निर्वातावर चालत, त्यांना वीज नकोच. रेडिओ व हीटर हौसेनुसार. फ्यूज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्या गाडीला एवढ्याच तारा पुरत.

९/ सहा व्होल्टची अडचण साध्या गणिताची आहे. ६० वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर दहा अँपिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टवर पाच. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे तीच तार बारा व्होल्टवर वापरली, तर नासाडी चौथाईवर येते. सहा व्होल्टच्या गाडीत तारा जाड असाव्या लागत, ते म्हणूनच.

१०/ युद्धानंतर अमेरिकेत अधिक दाबाची व्ही-८ इंजिने आली. ती फिरवायला स्टार्टरला अधिक बळ हवे होते. शिवाय विजेवर चालणाऱ्या सोयीही वाढत होत्या. जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्या १९५३ मध्ये बारा व्होल्टवर गेल्या, शेव्हरोलेच्या मोटारी १९५५ मध्ये, तर फोर्ड १९५६ मध्ये. फोर्डने त्याच वेळी आणखी एक बदल केला : तोवर बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे, ते ऋण झाले.

११/ शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये हा बदल एकाच सालाच्या मधोमध घडला. १९५५ ची ‘पहिली मालिका’ म्हणजे जुनेच ॲडव्हान्स डिझाइन, सहा व्होल्टचे. ‘दुसरी मालिका’ म्हणजे नवे टास्क फोर्स, बारा व्होल्टचे. दोन्ही गाड्यांच्या कागदावर साल एकच. केवळ ‘१९५५’ सांगून संच मागवणाऱ्याच्या हाती चुकीची जुडी पडू शकते. साल विचारण्याआधी गाडीच्या तोंडवळ्याकडे पाहावे, हा धडा इतिहासाचाच.

१२/ दुसरा सापळा याहून घातक आहे. बाजारातील बहुतेक आधुनिक संच बारा व्होल्ट गृहीत धरून बनवलेले असतात. गाडी सहा व्होल्टवरच ठेवायची असेल, तर या बारीक तारांतून दुप्पट प्रवाह जाईल. दिवे मंद जळतील आणि तारा तापतील. उलट, गाडी बारा व्होल्टवर नेताना जुनी जाडी पुरेशी ठरते. पण बल्ब बदलावे लागतात, तसेच इंधनाचा काटा जळू नये म्हणून त्याला दाब कमी करणारी जोडणी द्यावी लागते.

१३/ जाडी मोजण्याची अमेरिकन पद्धत नवख्याला चकवते. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. १४ गेजच्या तारेचा छेद सुमारे २.०८ चौरस मिलिमीटर, १० गेजचा सुमारे ५.२६. तार साच्याच्या छिद्रांतून ओढत ओढत बारीक करतात; जितक्या अधिक वेळा ओढावी, तितकी ती बारीक. आकड्यांचा हा उलटा क्रम त्या जुन्या कारागिरीची खूण आहे.

१४/ आवरणाची क्रांती रसायनशाळेतून आली. १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीतील वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी मऊ करण्याची रीत शोधली. १९५० च्या दशकात सुती वीण मागे पडून मोटारींत प्लास्टिकच्या तारा रूढ झाल्या. साधे पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. आजच्या चांगल्या संचांत क्रॉस-लिंक पॉलिएथिलीनचे आवरण असते. ते १२५ अंशांपर्यंत तग धरते. संच घेताना आवरण कशाचे आहे हे विचारावे. एक्झॉस्टच्या नळीशेजारून जाणाऱ्या तारेच्या बाबतीत तो फरक निर्णायक ठरतो.

१५/ पुढचा टप्पा वीजनिर्मितीचा. १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर आणला आणि काही वर्षांत डायनॅमो हद्दपार झाला. जुन्या गाड्यांत चार्जिंगचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या ॲमीटरमधून जात असे. डायनॅमो लहान होता तोवर ते चालले. आज त्याच गाडीला १०० अँपिअरचा अल्टरनेटर लावून तारा मात्र जुन्या नकाशाप्रमाणे ठेवल्या, तर तो सारा भार चालकाच्या गुडघ्यासमोरच्या एका छोट्या उपकरणातून वाहू शकतो. आग लागण्याची ही ठरलेली जागा. म्हणून अद्ययावत संच ॲमीटर वगळून व्होल्टमीटर सुचवतात.

१६/ फ्यूजविषयी एक गैरसमज दृढ आहे. तो मुख्यतः उपकरणाचे नव्हे, तारेचे रक्षण करतो. म्हणून फ्यूज किती अँपिअरचा हे तारेची जाडी ठरवते. जुन्या अमेरिकन काचेच्या फ्यूजच्या एका प्रकारात मोठी सुंदर युक्ती होती : अँपिअर वाढले की लांबीही वाढे, त्यामुळे मोठा फ्यूज लहान खाचेत बसतच नसे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पात्यांचे प्लास्टिक फ्यूज आले. ते बदलायला सोपे आणि पकडीला घट्ट. पण आकार सर्वांचा एकच, ओळख रंगावरून. शहाणपण आता खाचेत उरले नाही. ते माणसानेच बाळगायचे.

१७/ हा सारा इतिहास आजच्या तीन प्रकारच्या संचांत गोठलेला दिसतो. पहिला, मूळ बरहुकूम : सुती वीण, जुने रंग, जुनी टर्मिनले, तितकेच थोडे फ्यूज. दुसरा, त्याच गाडीसाठी बेतलेला पण अद्ययावत : मूळ जागी बसणारा, तरी अल्टरनेटर, इंडिकेटर आणि पात्यांचे फ्यूज गृहीत धरणारा. तिसरा, सार्वत्रिक : कोणत्याही गाडीला चालेल असा, लांब तारांचा, टोके मोकळी ठेवलेला. त्याची टर्मिनले बसवणाऱ्याने स्वतः दाबून लावायची.

१८/ सार्वत्रिक संच स्वस्त वाटतो, पण त्यातली अर्धी मेहनत खरेदीदाराच्या माथी असते. त्याच्या प्रत्येक तारेवर बहुधा तिचे काम छापलेले असते, ही मोठी सोय. रंग मात्र अनेकदा जनरल मोटर्सच्या परंपरेतले : लांब झोताला फिकट हिरवा, आखूड झोताला फिकट तपकिरी, मागच्या दिव्याला तपकिरी. शेव्हरोलेवाल्याला ही मातृभाषा. फोर्डवाल्याने असा संच घातला, तर पुढे दुरुस्तीच्या वेळी फोर्डचा जुना नकाशा निरुपयोगी ठरतो.

१९/ एक गोष्ट नुसता संच विकत घेऊन मिळत नाही : अर्थिंग. गाडीतील प्रवाह तारेने जातो आणि सांगाड्यातून परततो. जीर्णोद्धार करताना सांगाड्यावर जाड रंग चढवला, की परतीची वाट बंद होते. मग नवी जुडी घालूनही दिवे मिणमिणतात आणि दोष संचाला दिला जातो. बॅटरी ते सांगाडा, सांगाडा ते इंजिन, सांगाडा ते केबिन अशा स्वतंत्र जाड तारा द्याव्यात आणि त्या जागांवरचा रंग खरवडून धातू उघडा करावा.

२०/ या वस्तूमागचे हातही विसरू नयेत. खिळ्यांच्या फळीवर तारा एकेक पसरून, गुंडाळून जुडी बांधायची, हे काम आजही मोठ्या प्रमाणात हातानेच होते. म्हणूनच १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वॉरनमधले हे काम मेक्सिकोतील हुआरेझकडे सरकू लागले, जिथे मजुरी कमी होती. आणि म्हणूनच २०२२ मध्ये युक्रेनमधील हार्नेसचे कारखाने युद्धामुळे बंद पडताच जर्मनीतल्या मोटारउद्योगाची चाके अडली. यंत्रमानवांच्या युगात एका जुडीने कारखाने थांबवले.

२१/ या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक तिथे जोडले जात; १९५४ मध्ये तो बंद झाला. उजव्या हाताच्या चालकाची जुनी शेव्हरोले आज कोणी जपत असेल, तर एक ध्यानात ठेवावे : अमेरिकन संच डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी कापलेला असतो. काही तारा तोकड्या पडतात, काही उगाच लांब. अशा वेळी मोकळ्या टोकांचा सार्वत्रिक संचच अधिक कामी येतो.

२२/ मग निवड कशी करावी? गाडी प्रदर्शनात उभी राहणार असेल, सहा व्होल्ट आणि डायनॅमो कायम असतील, तर मूळ बरहुकूम जुडी हेच योग्य. तो दस्तऐवज आहे, त्यात भर घालू नये. गाडी रस्त्यावर रोज चालणार असेल, तर त्याच मॉडेलचा अद्ययावत संच. इंजिन, डॅशबोर्ड, सारेच बदललेले असेल, तरच सार्वत्रिक. आणि संच मागवण्यापूर्वी एक कागद घेऊन लिहावे : व्होल्ट किती, अल्टरनेटर किती अँपिअरचा, विजेवर चालणारे काय काय.

२३/ सर्वांत वाईट पर्याय चौथा आहे, आणि तोच सर्वाधिक आढळतो : जुन्या जुडीला जागोजागी टेप गुंडाळून वर नवी उपकरणे जोडत जाणे. १९५० चे रबर, १९७० चा रेडिओ आणि आजचा अल्टरनेटर एकाच तारेवर नांदत नाहीत. जुन्या वस्तूवर प्रेम असेल, तर तिच्यातले काय जपायचे आणि काय बदलायचे हे आधी ठरवावे लागते. पिकअपचा पत्रा जपावा, हौदा जपावा, इंजिनाचा आवाज जपावा. कुजलेले रबर जपू नये. ते एके रात्री बाकीचे सारे घेऊन जाते.