अंड्यालाही श्वास लागतो

घरी इन्क्युबेटर बनवणारे बहुतेकजण आधी बल्ब आणि थर्मामीटरविषयी बोलतात. मला अशा वेळी रेओम्यूर हा फ्रेंच शास्त्रज्ञ आठवतो. १७४९ साली त्याने अंडी उबवण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

इजिप्तमध्ये विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवली जात. तीच किमया रेओम्यूरला युरोपात करायची होती. त्याने कुजणाऱ्या लिदीची ऊब वापरली. ऊब पुरेशी होती, तरी आतला जीव मरत होता. मारत होती ती लिदीची दमट वाफ. मग त्याने ढिगात पिंप पुरले, अंडी त्यात ठेवली आणि झाकणाला भोके पाडली.

का, ते आज आपल्याला कळते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, पाण्याची वाफ बाहेर पडते. अठरा दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ टक्के घटले, तरच बोथट टोकाला पिल्लाच्या पहिल्या श्वासापुरती हवेची पोकळी तयार होते.

म्हणून पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के हवी. आपल्या पावसाळ्यातली २७ अंशांची, ८५ टक्के दमट हवा पेटीत ३७.५ अंशांवर गेली की आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा आधी पाण्याची लहानशी वाटी पुरे, शेवटी पसरट ताटली ठेवावी. भोके मात्र कधीच बुजवू नयेत. खुडूक कोंबडीही अधूनमधून उठतेच की!