वारा मोजणाऱ्या यंत्राला सापडलेला हिमनग

डिसेंबर १८५४ ते एप्रिल १८५५ या काळात दक्षिण अटलांटिक महासागरातून गेलेल्या २१ जहाजांनी एकाच प्रचंड हिमनगाची नोंद केली. त्याचा आकार मासे धरण्याच्या गळासारखा होता. एक बाजू सुमारे ६० मैल लांब, दुसरी ४० मैल, आणि दोहोंच्या मध्ये आखातासारखे मोकळे पाणी. धुक्यात किंवा रात्री त्या आखातात शिरलेल्या शिडाच्या जहाजाला परतीची वाट सापडणे महाकठीण. लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालेले ‘गाइडिंग स्टार’ हे जहाज शेकडो प्रवाशांसह याच कोंडीत नाहीसे झाले, असे मानले गेले.

जहाजे इतकी दक्षिणेला जातच का होती? ऑस्ट्रेलियात सोने सापडले होते आणि प्रत्येकाला तेथे लवकर पोहोचायचे होते. पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशावर वाकडी दिसणारी, दक्षिणेकडे झुकलेली वाट प्रत्यक्षात जवळची ठरते. दिवस वाचत, गाठ मात्र बर्फाशी पडे. एका कप्तानाला हिमनग दिसला, तरी मागून येणाऱ्याला ते कळवण्याचे साधन नव्हते. तो बंदरात पोहोचून सांगेपर्यंत हिमनग पुढे सरकलेला असे.

१९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले. त्यानंतर १९१४ मध्ये आंतरराष्ट्रीय हिम गस्त स्थापन झाली, पण ती उत्तर अटलांटिकपुरती. त्याच वर्षी पनामा कालवा खुला झाला आणि केप हॉर्नला वळसा घालणाऱ्या जहाजांची संख्या घटली. दक्षिणेचे हिमनग जणू जगाच्या विस्मरणात गेले.

उपग्रह आले तेव्हा चित्र पालटेल असे वाटले. पण साध्या छायाचित्राला सूर्यप्रकाश लागतो आणि निरभ्र आकाश लागते. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात दोन्हींची वानवा. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय हिम केंद्राने हिमनगांची वही ठेवली. खंडाभोवतालच्या समुद्राचे चार भाग करून त्यांना ए, बी, सी, डी ही अक्षरे दिली. निदान १० सागरी मैल लांबीचा हिमनग दिसला की, तो ज्या भागात प्रथम दिसला त्याचे अक्षर आणि पुढचा क्रमांक त्याला मिळे. तो फुटला की तुकड्यांना पुन्हा अक्षरे. एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारखीच ही रीत.

‘बी-१० ए’ हा असाच एक वंशज. त्याचा जनक १९९२ मध्ये थ्वेट्स हिमनदीपासून सुटला आणि १९९५ मध्ये दुभंगला. ‘बी-१० ए’ची लांबी सुमारे ७७ किलोमीटर आणि रुंदी ३८ किलोमीटर होती. एवढा मोठा डोंगर हरवेल कसा? पण तो हरवला. १९९९ च्या हिवाळ्यात ढगांनी आणि काळोखाने त्याला झाकले आणि हिम केंद्राला त्याचा माग लागेना. तो दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका यांच्यामधील ड्रेक सामुद्रधुनीच्या दिशेने निघाला होता. त्याचे तुकडे जहाजांच्या वाटेवर येण्याची धास्ती होती.

१९ जून १९९९ रोजी नासाने ‘क्विकस्कॅट’ हा उपग्रह सोडला. जपानच्या ‘एडिओस’ उपग्रहावरील वारा मोजणारे उपकरण जून १९९७ मध्ये त्या उपग्रहासोबतच निकामी झाले होते. ती उणीव घाईघाईने भरून काढण्यासाठी हा नवा उपग्रह सिद्ध झाला. नावातली ‘क्विक’ची घाई तीच. जुलैमध्ये अंटार्क्टिकावरून त्याचा पहिला फेरा झाला आणि त्या चित्रात ‘बी-१० ए’ लख्ख उमटला.

त्याच्यावरचे स्कॅटेरोमीटर हे यंत्र समुद्राच्या दिशेने सूक्ष्मतरंग सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजते. वाऱ्याने पाणी जितके खडबडीत होते, तितका प्रतिध्वनी बदलतो; त्यावरून वाऱ्याचा वेग व दिशा काढतात. या तरंगांना उजेड लागत नाही, ढगही अडवत नाहीत. वारा मोजणाऱ्यांच्या लेखी बर्फ म्हणजे ब्याद, कारण बर्फ आले की त्यांचे गणित चुकते. पण हिमनग हे जमिनीवर साचलेल्या हिमाचे बनलेले असतात. त्या थरांतून व हवेच्या बुडबुड्यांतून तरंग जोरकसपणे उलटतात, आणि गोठलेल्या समुद्राच्या काळपट पार्श्वभूमीवर हिमनग उजळ दिसतो. अडचण एकच: यंत्राचा एक ठिपका सुमारे २५ किलोमीटरचा. ब्रिगॅम यंग विद्यापीठातील डेव्हिड लाँग यांनी अनेक फेऱ्यांतील एकमेकांवर आलेले ठिपके गणिताने जुळवून काही किलोमीटरपर्यंतचा तपशील मिळवला.

इतिहासाच्या अभ्यासकाने खरे तर यापुढच्या प्रकरणाशी थांबावे. हिम केंद्राच्या वहीत हिमनगांची संख्या वर्षानुवर्षे वाढत होती. अंटार्क्टिका झपाट्याने फुटत असल्याचा हा पुरावा होता का? लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने दफ्तर उघडले. १९७८ मध्ये ‘सीसॅट’ नावाचा उपग्रह जेमतेम साडेतीन महिने जगला होता, पण त्यावरही स्कॅटेरोमीटर होते. ती माहिती नव्या पद्धतीने पुन्हा वाचल्यावर त्या काळच्या वहीत नसलेले कितीतरी हिमनग दिसले. २००२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: वाढ बव्हंशी पाहणाऱ्याच्या नजरेची होती. जमाखर्चाच्या वहीत दुष्काळ सापडावा, तसे वाऱ्याच्या नोंदींत हिमनग सापडले. अंटार्क्टिकाचे बर्फ घटत आहे हे पुढे गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांनी दाखवले, ते सत्यच. परंतु या आकड्यावर तो निष्कर्ष उभा करणे चूक होते.

नोव्हेंबर २००९ मध्ये ‘क्विकस्कॅट’ची फिरती अँटेना थांबली. योगायोग असा की, दोनच महिने आधी, २३ सप्टेंबरला, इस्रोने श्रीहरिकोटाहून ‘ओशनसॅट-२’ सोडला होता आणि त्यावर त्याच जातीचे यंत्र होते. फेब्रुवारी २०१४ पर्यंत ते चालले. हिमनगांच्या मागोव्यात त्या भारतीय यंत्राच्या नोंदीही सामील आहेत. या यंत्रांनाही मर्यादा आहेत. उन्हाळ्यात हिमनगाचा पृष्ठभाग वितळून ओला झाला की तरंग शोषले जातात आणि उजळ डाग काळवंडतो. तेव्हा छायाचित्रे आणि अधिक बारकाईने पाहणारी रडारे कामी येतात.

‘ए-२३ ए’चे चरित्र अशाच सर्वांच्या नोंदींतून सिद्ध झाले. १९८६ मध्ये तो फिल्शनर हिममंचापासून सुटला आणि वेडेल समुद्राच्या तळाला टेकून तीन दशकांहून अधिक काळ अडकून राहिला. २०२० च्या सुमारास तो हलला, २०२४ मध्ये साउथ ऑर्कनी बेटांच्या उत्तरेस महिनोन्‌महिने जागच्या जागी गरगरत राहिला आणि मार्च २०२५ मध्ये साउथ जॉर्जियाजवळ उथळ तळाला टेकला. १८५४ चा तो गळाच्या आकाराचा हिमनग कोणत्या किनाऱ्यापासून सुटला आणि कोठे विरघळला, हे २१ जहाजांच्या नोंदवह्या एकत्र ठेवूनही सांगता येत नाही.