खामगावचा कापूस आणि साम्राज्यांची लढाई

पहिल्या महायुद्धाचे कारण म्हणून आपल्या वर्गात साराजेव्होची गोळी सांगतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने ते युद्ध खामगावच्या कापूस-बाजारापासून वाचावे. १८५३ साली इंग्रजांनी फौजेच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाड घेतले. डोळा कापसावर होता. १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे उघडायला खुद्द व्हाइसरॉय मेयो आला. पुढे आखूड धाग्याचा हिंदी कापूस मँचेस्टरपेक्षा जपान-जर्मनीच्या गिरण्यांकडेच अधिक वळला. जर्मन राष्ट्राभिमान बाजार आणि वसाहती मागत होता, इंग्रज राष्ट्राभिमान आपल्या सोडीत नव्हता. १९१४ साली तोफा सुटल्या आणि ते जर्मन गिऱ्हाईक तुटले.

साम्राज्यांना कापूस लागतो तशी माणसेही लागतात. आमची गरज मात्र त्यांच्या शत्रूवर ठरे. कोरेगावला १८१८ साली लढलेल्या महारांची भरती १८९० नंतर बंद झाली. कारण रशियाची धास्ती! वायव्य सरहद्दीवर त्याच्याशी गाठ पडेल म्हणून सेनापती रॉबर्ट्सने उत्तरेकडच्या 'लढवय्या' जाती निवडल्या. (सवर्ण शिपायांचा विटाळही परस्पर टळला.) शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भरतीसाठी विलायत सरकारकडे अर्ज केला, तो वाया गेला. पण जर्मनीशी लढता लढता माणसे अपुरी पडली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपल्यावर, १९२१ साली, ती मोडली. घरी परतलेल्या शिपायाला गावचा पाणवठा बंदच होता. १९४१ साली दुसऱ्या महायुद्धात बेळगावला पुन्हा महार रेजिमेंट उभारली गेली.